खंडेनवमीनंतरची घरघर

वाळूजच्या त्या छोट्या वर्कशॉपात खंडेनवमीची पूजा झाली, आणि नेमका तेव्हापासूनच पुंजारामच्या मशीनचा सूर बिघडला. पोलादी प्लेटीवर कटर फिरला की मागं तुकतुकीत अंग उरायचं, ते सोडून तळ्यावर वारा सुटल्यागत लाटा उमटू लागल्या. नख फिरवलं तर नखाला लागायच्या. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला.

मालक अभयशेठ म्हणाला, "काका, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग गेलं असणार. म्हाताऱ्या मशीनवर आता खर्च नको. जुनी मशिनं घेणारा संध्याकाळी येतोय."

पुंजारामनं मशीनकडं पाहिलं. वर्कशॉप उघडलं तेव्हापासून तो याच सीएनसीवर उभा. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं यायचं, मशीनच्या दाराला हात लावून 'रामकृष्ण हरी' म्हणायचं, मगच बटण दाबायचं. हे गेलं तर आपलं इथं काय उरलं?

"तोंड पाडून बसू नका, काका," माल तपासणारी विशाखा म्हणाली. "संध्याकाळ व्हायचीय अजून."

दोघांनी कटरला नव्या टिपा बसवल्या. लांब बाहेर आलेला कटर होल्डरात आत घेऊन आखूड धरला. फेरे कमी केले. लाटा बारीक झाल्या, पण गेल्या नाहीत, घरघर तशीच.

विशाखा जरा विचारात पडली. "असं करू. दुसरा तुकडा व्हाइसच्या जबड्यात नको, टेबलाच्या कडेला थेट क्लॅम्प लावून धरा. कटर तोच, वेग तोच."

कटर फिरला आणि तुकडा लख्ख निघाला. विशाखानं त्यावर फिनिश मोजायचं यंत्र टेकवलं नि हसलीच. "बेअरिंग ठणठणीत आहे! ते गेलं असतं तर इथंबी लाटा आल्या असत्या."

पुंजारामनं प्लेट पुन्हा व्हाइसमध्ये धरली, कटर चालू केला आणि डोळे मिटले. गावच्या सप्त्यात कीर्तनाला तो पखवाजावर बसायचा. "डाव्या अंगाला, धुमेवर, कणीक नीट बसली नाय की पखवाज असाच भकभक बोलतो, पोरी. आवाज वरनं नाय, बुडातनं येतोय."

बोल्ट सोडून दोघांनी तो जड व्हाइस उचलला. खाली कुंकवानं लाल झालेले, कटर थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये भिजून टेबलाला चिकटलेले तांदूळ. अक्षता!

पुंजारामला सगळं आठवलं. पूजेसाठी व्हाइस काढून ठेवला होता, उघड्या टेबलावर नारळ मांडला होता. सुट्टीनंतर कामाला लागताना देवाला वाहिलेलं ते तेलकट चिंधीनं पुसायला त्याचा हात धजला नाही. ओंजळीत येईल तेवढं उचललं आणि उरलेल्यावर व्हाइस आवळून टाकला.

"मशीनचं लगीन लावलं व्हय, काका?" विशाखाला हसू आवरेना. "आमच्याकडं लग्नात फुलं टाकतात. फुलं असती तर दिसली तरी असती!"

"हास, माय, हास. तुझा हक्कच हाय आज."

त्यानं एकेक दाणा वेचून चिमण्यांसाठी कागदात बांधला. स्वच्छ पाण्यानं टेबल धुतलं आणि चिंधीनं नाही, खांद्यावरच्या धुतलेल्या गमज्यानं पुसलं. व्हाइस पुन्हा बसवला, डायल लावून सरळ केला. या खेपेला कटर प्लेटीवर उतरला तो चढत्या भजनातल्या पखवाजासारखा, गोड नि भरदार. वरची ट्यूबलाइट प्लेटीत जशीच्या तशी दिसली. पुंजारामनं नखानं चाचपलं. काहीच लागलं नाही. मग कुठं त्यानं मोकळा श्वास सोडला.

मशिनं घेणारा आला तेव्हा अभयशेठ प्लेट उजेडात धरून उभा होता. "बसा, भाऊ, चहा घ्या," तो म्हणाला, "पण मशीन द्यायचं नाय." मग पुंजारामकडं वळला. "झालं काय होतं, काका?"

पुंजारामनं खरं ते सांगितलं. अभयशेठनं कपाळाला हात लावला. "अन् निम्म्या अक्षता तर मीच वाहिल्या होत्या!"

निघताना पुंजारामनं मशीनच्या दाराला पुन्हा हात लावला. "विशाखा, पुढल्या खंडेनवमीला फुलं तू आणायची बरं का."

"आणीन की. पण व्हाइस बसवायच्या आधी उचलायची तुम्ही."