झाकणाचे स्क्रू निघत आहेत

मी अॅम्प्लिफायर बोलतोय, आणि बोलतोय ते भीतीपोटी. हौशी रेडिओवाल्यांच्या लहान सेटचा आवाज अंगात घ्यायचा, मोठा करायचा आणि समुद्रापार फेकायचा, हे माझं काम. त्यासाठी माझ्या पोटात खेळते ती वीज घरातल्या विजेहून कितीतरी जहाल.

मला घडवलं तात्यांनी, एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने. नजर अधू झाली, तेव्हा ते मुलाकडे राहायला गेले आणि जाताना मला शेजारच्या शिंपीणताईंच्या हवाली केलं. "प्लग काढायचा, निवांत चहा प्यायचा, मगच झाकण उघडायचं," एवढं बजावलं. चहा कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं.

ताईंचा धाकटा भाऊ दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात कामाला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. बेटावर फोन नाही, आहे तो रेडिओ. तिच्या लहान सेटवरून त्याचा आवाज अधूनमधून यायचा, तिचा मात्र त्याला पोचतच नसे. मी पोचवला असता. पण माझ्यासाठी वरच्या वर्गाचा परवाना लागतो, आणि बाई कायद्याची पक्की. परवाना हाती येईपर्यंत तिने माझं बटणसुद्धा दाबलं नाही.

मग अभ्यास सुरू झाला. विजेचा आणि तिचा संबंध शिलाई मशीनच्या मोटरीपुरता. कापड सुईखाली सरकत असायचं आणि ओठ पुटपुटत असायचे.

"अगं, पण याचा अर्थ काय?" नवरा विचारायचा.

"अर्थ विचारत बसले तर म्हातारी होईन. प्रश्न अकरावा, उत्तर ब. पुढचं विचारा."

अख्खा प्रश्नसंच तिने असा घोकून काढला. मला तिचं कौतुक वाटायचं आणि भीतीही.

ती पास झाली. मला पहिल्यांदा चालू केलं, त्या दिवशी पलीकडून भाऊ ओरडलाच, "ताई! अगदी शेजारी बसल्यासारखी ऐकू येतेस!" ती पदराने डोळे पुसत राहिली. माझ्या जन्माचं सार्थक झालं.

पण मी ठेवलेला होतो शिवणाच्या टेबलाखाली. कापडाचे तंतू, दोऱ्यांचे तुकडे, सगळं माझा पंखा आत ओढायचा. हळूहळू तो जखडला आणि मी आतून भाजू लागलो. त्यातच माझा एक चिमुकला रेझिस्टर जळाला. प्लग काढल्यावर पोटात उरलेली वीज तोच जिरवायचा, चहा पिऊन होईतो. आता ती जिरत नाही. प्लग काढला तरी तशीच दबा धरून बसते. हे मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही.

आज दुपारी सेटवर भावाचा तुटक आवाज आला. "ताई, वादळ... छप्पर उडालंय... होडी मागवा... कुणी ऐकतंय का?"

मदतीला फोन लावावा तर फोन बंद, म्हणून तिने मला चालू केलं. मी क्षणभर गुरगुरलो आणि तापून आपोआप बंद पडलो.

"पंखाच अडकलाय मेला. मशीनमध्ये दोरा अडकतो तसा. आत्ता मोकळा करते."

"प्लग काढलास ना?" नवऱ्याने टॉर्च धरत विचारलं.

"कधीच काढला. तात्यांनी सांगितलं तसा चहापण घेतला, उभ्या उभ्याच." तिने काही चुकवलं नव्हतं.

"परीक्षेत काही होतं का गं याच्यावर?"

"होतं की. कपॅसिटरमधला साठा उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. उत्तर क."

पुस्तकात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, नुसत्या दोन समांतर रेघांनी दाखवलेला. खराखुरा तिला कोणी कधी दाखवलाच नाही.

झाकण बाजूला झालं. टॉर्चचा उजेड आत पडला. सेटमधून भाऊ अजून हाक मारतोय.

"दिसला पंखा! पण हे कसले दोन डबे मध्येच? थांबा, जरा बाजूला सारते."

ताई, तेच गं ते कपॅसिटर. तुझं उत्तर बरोबर होतं. हात मागे घे.