हजेरीत मी दुसरी झाले

मित्रांनो, मी एक म्हातारी हार्ड डिस्क. एका भरतकामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पोटात, पंख्याला खेटून राहते. कारखान्यात जन्मले तेव्हाच पाठीवर नंबर छापला. तो मरेपर्यंत बदलत नाही. पण वाचतंय कोण!

दुकान बहीण-भावाचं. ताई फुलं-वेली काढते, मशीन ती नक्षी कापडावर भरतं. तिची आयुष्यभराची नक्षी माझ्याकडे, दुसरी प्रत कुठंच नाही. "ही आहे म्हणून दुकान आहे," असं ताई म्हणायची. आता मी कण्हायला लागले, तर भाऊ म्हणतो, "खोकतेय बघ म्हातारी."

म्हणून त्यानं एक वापरलेली डिस्क आणून माझ्या शेजारी जोडली. तिच्या पोटात कुणाच्यातरी जुन्या फायलींचा पसारा. तो पुसायचा आणि माझं सामान तिच्यात हलवायचं, असं ठरलं.

पण गोम ऐका. कॉम्प्युटर चालू झाला की ऑपरेटिंग सिस्टीम हजेरी घेते. आमच्यात जी आधी 'ओ' देईल ती पहिली, मागनं देईल ती दुसरी. प्रत्येक वेळी नवी हजेरी. काल मी पहिली होते. आज उठता उठता मला धाप लागली, आणि त्या पोरीनं आधी ओ दिली. झाले मी दुसरी!

भावाच्या डोक्यात कालचीच हजेरी. "चला, दुसरी पुसतो," म्हणाला. अरे, आज दुसरी तर मी! ओरडावं तर तोंड नाही. पडद्यावर विचारणा आली, सगळं जाईल, चालेल ना? त्याचं बोट बटणावर टेकलं.

"थांब रे," ताई म्हणाली. "आत काय आहे ते दाखव आधी."

"पसारा आहे गं! किती वेळा सांगू?"

"कपडे धुवायला टाकताना खिसा बघतोस ना? उघड."

"तुझं आपलं काहीतरीच!" करवादत त्यानं उघडलं.

पडद्यावर ताईची शेवंतीची वेल. भाऊ पांढराफटक पडला. ताईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अरे मेल्या, जीव घेतला असतास माझा!"

मग त्या पोरीला उघडून, पसारा डोळ्यांनी बघून, तिला पुसलं. आता सामान हलतंय. निम्मं गेलं, निम्मं अजून माझ्याच पोटात. मध्येच कट-कट वाजतं, तशी दोघं श्वास रोखतात. वाचले खरी, पण भीती सरलेली नाही.

मित्रांनो, नुसत्या नावावर जाऊ नका, आत डोकावल्याशिवाय काही पुसू नका. आणि सगळा संसार एका म्हातारीच्या गळ्यात बांधून निर्धास्त झोपू नका.

पुन्हा कट-कट झालं. ताईनं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवलाय. "चल गं बाई, एवढं ने," म्हणते.

मी चाललेय.