झगमग जोडीची अंध चाचणी

काकू सव्वीस वर्षांची होती. हे नाव तिला बिस्किटांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पडलं, आणि तेही एकाच दुपारी. ओलावा मोजायच्या यंत्रासमोर बसून ती कानात काहीतरी ऐकत होती. तिचा फोन तिच्या नकळत खोलीतल्या स्पीकरला जोडला गेला आणि त्या पांढऱ्या, शांत खोलीत ऑर्गन दणाणला. पाठोपाठ एका बाईंचा कापरा, गोड आवाज.

"कुणाची वरात आली का?" गणित्याने विचारलं. चाचण्यांची आकडेमोड त्याच्याकडे असायची. मग त्याने आवाज ओळखला. "अगं, ही तर झगमग जोडी. हे माझी काकूसुद्धा ऐकत नाही."

"मग तुझ्या काकूला सांग ऐकायला," ती म्हणाली. तेवढ्यावर तिचं बारसं झालं.

झगमग जोडी म्हणजे साठीच्या पुढचं एक नवराबायकोचं जोडपं. नवरा ऑर्गन वाजवायचा, बायको गायची (काकू त्यांना काका आणि मावशी म्हणायची), आणि दोघं एकाच रंगाचे, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत टिकल्या लावलेले कोट घालायचे. कधीकाळी त्यांच्या कार्यक्रमांना सभागृहं भरत. आता त्यांना पार्ट्यांना बोलावत, तेही हसायला. मावशींनी वरचा सूर लावला की पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून खिदळायची, आणि त्याचे व्हिडिओ फिरायचे. काकूने ते सगळे पाहिले होते. आवाज बंद करून नव्हे, गर्दीचा आवाज वगळून कसं ऐकायचं ते शिकून.

तिची त्यांच्याशी ओळख गाण्याआधी कपड्यांतून झाली होती. तिच्या वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं आणि ते कोट तिथे धुवायला यायचे. यंत्रातल्या रसायनात टिकल्यांचा रंग उतरतो, म्हणून वडील कोट उलटा करून, अस्तराच्या बाजूने, ओल्या स्पंजने हातानेच साफ करायचे. ते करताना त्याच जोडीची कॅसेट लावायचे. "ज्याचा कोट त्याचं गाणं," असा त्यांचा नियम. सुटलेल्या टिकल्या टाकून द्यायचं काम लहानपणी काकूकडे होतं. मावशी कोट न्यायला स्वतः यायच्या आणि आधी बगला तपासायच्या. "लोक काय, समोरूनच बघतात," वडील एकदा म्हणाले, तर मावशी म्हणाल्या, "मी आतून घालते ना पण."

पुढे विज्ञान शिकल्यावर काकूने मावशींचा आवाज संगणकावर घालून त्याचा आलेख काढला. वरच्या सुराला त्या थेट हात घालत नसत. किंचित खालून यायच्या आणि सरकत वर पोचायच्या. लोक याला बेसूर म्हणत. पण ते 'किंचित' दर वेळी तेवढंच होतं, वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवरही आणि परवाच्या पार्टीतही. ज्याचं माप इतकं नेमकं असतं ते चुकून होत नाही, एवढं तिला कळत होतं. हे तिने गणित्याला एकदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. शिस्तीत बेसूर आहेत."

कंपनीने एक जुनं दुधाचं बिस्कीट नव्या वेष्टनात परत आणायचं ठरवलं. जाहिरातीसाठी छोटीशी धून हवी होती. विक्री विभागात त्यावरून इतकी भांडणं झाली की मोठे साहेब म्हणाले, बिस्किटाची चव जशी तपासता तशी धूनही तपासा आणि मोकळे व्हा. चव-चाचणीच्या प्रमुख मॅडमना हे मनापासून पटलं. त्यांच्या मते जगातले बहुतेक वाद नमुन्यावर नाव लिहिल्यामुळे होत होते.

जाहिरातवाले दोन धुना देणार होते. तिसरी जागा रिकामी होती.

"झगमग जोडीला विचारूया," काकू बैठकीत म्हणाली.

हसू आधी एका कोपऱ्यातून आलं, मग टेबलभर फिरलं. "कोटासकट का?" कोणीतरी विचारलं. "बिस्किटावर टिकल्या लावून देऊ," गणित्या म्हणाला.

"झालं हसून?" मॅडम म्हणाल्या. "नमुना आणा. आपल्याकडे नमुन्याला नाव नसतं, नंबर असतो."

काकूला नेमकं हेच हवं होतं. कोट दिसणार नाहीत, वय दिसणार नाही, कोणाला हसायचं ते कोणाला माहीत नसेल. एकदाच, फक्त एकदा, लोक त्यांना नुसत्या कानांनी ऐकतील.

तिने मावशींना फोन केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण ते ऐकणारे कसे आहेत? कोणत्या वयाचे?"

"तरुण आहेत मावशी. पण नीट ऐकतात, तेच त्यांचं काम आहे. तुमचं जे आहे ते तसंच द्या."

"बघते. हे काय म्हणतात ते बघते."

मागे ऑर्गनवाले काका विचारत होते, "हसणार नाहीत ना?" मावशींनी तो प्रश्न पुढे पाठवलाच नाही. पण काकूने ऐकला होता.

चव-चाचणीची खोली म्हणजे एका भिंतीलगत ओळीने छोटे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक माणूस, समोर एक झडप, वर लाल दिवा. लाल उजेडात बिस्कीट करपलंय की फिकट राहिलंय हे दिसत नाही, म्हणून तो दिवा. चाखणारे सगळे कंपनीतलेच, पण रीतसर शिकवलेले. चाचणीआधी चहा नाही, अत्तर नाही, आपापसात बोलणं नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट. गुण एक ते नऊ, आणि खाली एक ओळ अभिप्राय. नाव न घालता तो अभिप्राय ज्याचा नमुना त्याच्याकडे जायचा, हीही इथली पद्धत.

काकूला मॅडमनी चाचणीतून बाहेर ठेवलं होतं. "तुझे हितसंबंध आहेत. तू झडपेच्या मागे थांब." पण त्या दिवशी एक चाखणारी शिंकत आली. सर्दी झालेल्याला कप्प्यात बसवायचं नाही हा नियम.

"मॅडम, गाणं आहे," गणित्या म्हणाला. "ते नाकाने ऐकायचं नाहीये."

"सर्दीने कानसुद्धा बंद होतात. नियम आहे तो आहे." मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. बदली चाखणारी म्हणून शिकलेली काकूच होती. "काकू, तू बस. पण प्रामाणिकपणे."

"मी नेहमीच प्रामाणिक असते," काकू म्हणाली. खोटं नव्हतं ते. तिने झगमग जोडीचा नमुना मुद्दाम ऐकला नव्हता. मावशींनी पाठवलेली फाईल न उघडता तशीच गणित्याकडे दिली होती.

लाल दिवे लागले. झडपेतून हेडफोन आले, आणि पाण्याचे पेलेही आले, कारण ते नेहमी यायचे. कोणालाच ते चमत्कारिक वाटलं नाही.

पहिल्या नमुन्यात लहान मुलं एका सुरात बिस्किटाचं नाव घेत होती. काकूने पाच दिले. पाण्याचा घोट.

दुसऱ्यात ऑर्गन होता. तो जाडजूड, किंचित हलणारा स्वर, खाली डाव्या हाताचा ठेका, आणि त्यावर थरथरता बायकी आवाज, खालून वर सरकत जाणारा. काकूच्या अंगावर काटा आला. आवाज थोडा जास्तच थरथरतोय असं तिला वाटलं, पण मावशींचं वयही झालं होतं. तिने नऊ दिले. आतापर्यंत कुठल्याही नमुन्याला तिने नऊ दिले नव्हते. पाण्याचा घोट.

तिसऱ्यात यंत्रावरचा ठेका, वर पातळ, घासून गुळगुळीत केलेला आवाज. हल्ली सगळीकडे असतो तसा. एकेक सूर ठोकून सरळ केलेला. हा जाहिरातवाल्यांचा, तिने मनात म्हटलं, आणि असल्याच आवाजांनी मावशींना घरी बसवलं. करपलेल्या बिस्किटालाही ती चाराच्या खाली जात नसे. इथे तिने दोन दिले. अभिप्रायात लिहिलं: या आवाजात माणूस राहिलेला नाही.

सगळे मोठ्या टेबलाशी जमले तेव्हा गणित्याने आकडे वाचले. दुसरा नमुना पहिला आला होता. तिसरा त्याच्या अगदी मागे, अर्ध्या गुणाहूनही कमी अंतराने. मुलांचा नमुना पार तळाला.

काकूने हात टेबलाखाली घट्ट धरले. तिला ओरडायचं नव्हतं, फक्त गणित्याचं तोंड पाहायचं होतं.

"दुसरा, जाहिरातवाल्यांचा," गणित्या म्हणाला. "तिसरा, झगमग जोडी."

"उलटं वाचलंस तू," काकू म्हणाली.

"नाही गं. हे बघ."

जाहिरातवाल्यांचा एक पोरगा मागे उभा होता. तो हसत म्हणाला, "आम्ही ती गंमत म्हणून केली होती. झगमग जोडीची नक्कल. गायलीय आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने, नाक दाबून. म्हटलं, जुन्या आठवणींचं बिस्कीट आहे, लोक हसतील आणि लक्षात ठेवतील. खरी जोडीच स्पर्धेत आहे हे आम्हाला काय माहीत."

पुन्हा हसू टेबलभर फिरलं. यावेळी त्यात वाईट काही नव्हतं, म्हणून ते जास्त लांबलं.

सगळे पांगल्यावर गणित्या थांबला. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "सांगू का नको, विचार करत होतो. तुझे गुण काढले तर जोडी पुढे जाते. बऱ्यापैकी पुढे. बाकीच्यांना ते गाणं खरंच आवडलंय."

काकू मॅडमच्या खोलीत गेली. "माझे गुण काढून टाका. मी ओळखायचा प्रयत्न केला. मी पक्षपाती होते."

"कोणाच्या बाजूने?"

"जोडीच्या."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि दिलेस दोन."

"मला वाटलं, दुसरा त्यांचा आहे."

"मग तुला नमुना ओळखता आला नाही. म्हणजे चाचणी अंधच होती." त्या कठोर नव्हत्या, त्यांना तिची कीवही येत होती, आणि त्याने काही बदलत नव्हतं. "नंबर उघडल्यावर जो म्हणतो माझे गुण काढा, त्याचे काढायला लागलो तर उद्या प्रत्येक जण येईल. तू दुसऱ्या कोणासाठी हे चालू दिलं असतंस?"

काकूने खरं उत्तर दिलं. "नसतं."

आठवड्याभरात ती धून कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी बसली. भट्टीवरचे लोक ती शिटीवर वाजवायचे. गणित्याने एकदा नकळत गुणगुणली आणि काकूला पाहून गप्प झाला. तो गप्प झाला हेच तिला जास्त लागलं.

मावशींचा फोन आला तेव्हा ती मधल्या सुट्टीत मागच्या जिन्यात बसली होती.

"कागद मिळाले गं तुमच्याकडचे," मावशी म्हणाल्या. "लोकांनी छानच लिहिलंय. एकाने लिहिलंय, आवाज ताजा वाटतो. ताजा, बघ. हे दोनदा वाचून दाखवायला लावतात."

"मावशी, तुम्ही ऑर्गन का नाही घेतलात? मी म्हटलं होतं ना, जे आहे ते तसंच द्या."

"म्हणाली होतीस. पण हे म्हणाले, ती पोरगी प्रेमाने सांगते. प्रेमाने सांगणाऱ्याचं ऐकून चालत नाही, तो आपला असतो. यांच्या भाच्याकडे यंत्र आहे, त्यावर केलं. माझा तो वर जातानाचा सूर त्याने सरळ करून दिला. म्हणाला, मामी, यालाच लोक हसतात." त्या थांबल्या. "एकाने मात्र लिहिलंय, या आवाजात माणूस राहिलेला नाही. ते मी यांना वाचून दाखवलं नाही."

जिन्यात वरून कोणीतरी खाली आलं, तिच्या बाजूने वाट काढून गेलं. काकू ते जाईपर्यंत थांबली.

"ते मी लिहिलं, मावशी. मला वाटलं तो दुसऱ्या कोणाचा आहे. दोन गुण दिले मी. माझ्यामुळे गेलं तुमचं."

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुलाही आम्ही तसेच हवे होतो," त्या म्हणाल्या. "हसणाऱ्यांना हवे तसेच."

"नाही मावशी. मी कधीच हसले नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्यासमोर आम्हाला बदलता आलं नाही कधी." आवाजात राग नव्हता. असता तर काकूला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "असू दे. यांना सांगू नकोस एवढं. पडलो तरी तिथे एक आपली होती, या समाधानावर ते दोन घास जेवतायत."

मागून काकांचा आवाज आला, "तिचाच का फोन? दे इकडे." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"काय गं," काका म्हणाले. "बाकीच्यांचं सोड. तू किती दिलेस?"

"नऊ," काकू म्हणाली.

"नऊपैकी?"

"नऊपैकी."

"बघ," काका पलीकडे मावशींना म्हणाले.