चार हातांचा चेंडू

मला कुणी हिऱ्याचा अणू म्हटलं की माझं मलाच हसू येतं. मुळात मी टेबल टेनिसचा चेंडू. भांडुपला स्टेशनजवळच्या खेळांच्या दुकानात बरणीत पडून होतो. सुलक्षणाबाईंनी मला विकत घेतलं, काळा ऑइलपेंट फासला आणि अंगाला चार भोकं पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून मी कार्बन झालो आणि ती ऐट अजून उतरलेली नाही.

बाई अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायच्या. टेकडीवरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. पुढच्या भागात सतरंजीवर क्लास, मागे ओट्यावर बाईंचा स्वयंपाक. वडील गिरणीतले, ते गेल्यावर बाई एकट्याच राहायच्या. शिकवता शिकवता कुकरकडे त्यांचं लक्ष नसायचं, म्हणून शिट्ट्या मुलंच मोजायची.

"कार्बनला चार हात," बाई मला उचलून सांगायच्या. "हायड्रोजनला एकच. चारही हातांत हायड्रोजन दिला की दार बंद. तो मिथेन. छोटा, सुटा रेणू. पण कार्बनच्या हातात कार्बनच दिला तर?"

मग माझ्या चारही भोकांत बांबूच्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला माझ्यासारखाच एक काळा चेंडू. त्या प्रत्येकाचे तीन हात पुन्हा मोकळेच. "हा झाला हिरा," म्हणत बाईंनी होते नव्हते तेवढे चेंडू जोडले.

सगळ्यात मागे धम्मपाल बसायचा. त्यानं विचारलं, "बाई, पण हे संपतं कुठे?"

"संपत नाही रे. आपले चेंडू संपले."

सगळे हसले. धम्मपाल हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा चेंडू घेऊन आला. रंग नव्हता म्हणून बुटाचं पॉलिश लावलेलं. ज्यानं त्यानं हात लावून आपापले हात काळे करून घेतले. बाईंनी त्यावर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव लिहिलं आणि कडेच्या एका काडीवर तो बसवला.

त्या दिवसापासून क्लासची रीतच पडली. नुसतं "समजलं बाई" म्हणून भागायचं नाही. बाईंना उलट समजावून सांगायचं, मगच आपल्या नावाचा चेंडू लावायचा. काही महाभाग परीक्षा झाल्यावर समजावायला आले, पण आले.

शीतल नावाची एक भांडकुदळ मुलगी होती. ती म्हणाली, "सिलिकॉनला पण चारच हात ना? मग कार्बन डायऑक्साइड हवेत उडतो आणि वाळू अशी दगडासारखी का?"

बाई खूश झाल्या. "कार्बन अंगानं बारीक. ऑक्सिजनला खेटून एकेकाला दोन-दोन हात देतो. दोन ऑक्सिजन, विषय संपला. सिलिकॉन जाडजूड. त्याला एवढं खेटणं जमत नाही. मग तो चार ऑक्सिजनना एकेक हात देतो. त्या ऑक्सिजनचा दुसरा हात पुढच्या सिलिकॉनकडे, तो पुढच्याकडे. झाली वाळू."

मग देवघरातली कापराची वडी दाखवायच्या. कापूर उडतो तेव्हा आत काहीच तुटत नाही, सुटे रेणू फक्त निघून जातात. आमच्यात सुटं कुणीच नाही. मला हलवायचं तर हात सोडवावे लागतात, आणि एकाचे नाही, सगळ्यांचे.

अशी वर्षं गेली. मी छताच्या कडीला टांगला गेलो आणि वाढत राहिलो. बाई दिवाळीत जुन्या टूथब्रशनं आमची जळमटं काढायच्या. मी अगदी मधोमध, त्यामुळे ब्रश माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. माझ्यावर नावही नव्हतं. मला राग यायचा. मग लक्षात आलं की इतक्या चेंडूंत बाईंचंही नाव कुठे नाही, आणि मी गप्प बसलो.

पुढे क्लास ओस पडला. मुलं एसीवाल्या क्लासला जाऊ लागली. बाईंचे गुडघे गेले. मग चाळ बिल्डरकडे गेली आणि खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. बाई मुलुंडला भाचीकडे जाणार होत्या. मला जवळच्या शाळेनं मागितलं होतं. बाईंनी भांडी वाटली, कपाट देऊन टाकलं, कशाचंच काही वाटून घेतलं नाही. फक्त मी अखंड जावं एवढंच त्यांना हवं होतं.

न्यायला आले ते धम्मपाल आणि शीतल. तो आता लिफ्ट बसवतो, ती नर्स आहे. दोघांनी मला कडीवरून काढलं, दारापर्यंत नेलं आणि थांबले.

"वाट लागली," धम्मपाल म्हणाला. मी दारापेक्षा मोठा झालो होतो. इतकी वर्षं जोडत गेले, पण दाराचा विचार त्या रसायनवाल्यांतल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता!

आडवा केला, तिरका केला. जमेना. शेवटी शीतल म्हणाली, "बाई, मधून कापू या ना. तिकडे जोडू परत."

"कुठून कापशील गं?" बाईंचा आवाज चिरकला. "कुठूनही काप, कुणाचा ना कुणाचा हात सुटणारच. माझ्यासमोर नको. मी खाली जाते."

त्या खरंच निघाल्या. शीतलनं कात्री घेतली. माझ्या अंगातून काड्या थरथरल्या. आणि धम्मपाल एकदम ओरडला, "ए थांब! ही भिंत तरी कुणासाठी ठेवायची? पाडायचीच आहे ना!"

बिल्डरच्या माणसाला विचारून त्यानं गॅलरीकडची खिडकी चौकटीसकट काढली आणि खालच्या विटाही उतरवल्या. बाईंच्या जुन्या सुती साड्यांची झोळी करून मला खाली सोडलं. "मेल्यांनो, हळू!" बाई गल्लीतून ओरडत होत्या आणि रडत होत्या. इतक्या वर्षांत मी प्रथमच ऊन पाहिलं.

आता मी शाळेच्या उंच सभागृहात टांगलेला आहे. मध्ये एकदा बाई आल्या, भाचीचा हात धरून. गार्गी नावाच्या एका मुलीनं वर बघत विचारलं, "हे कुठे संपतं?" बाईंनी भाचीचा हात सोडला. मग त्यांनी पर्समधून एक काळा चेंडू काढला. त्यावर पांढऱ्या रंगात, थरथरत्या अक्षरात 'सुलक्षणा' लिहिलं होतं. गार्गीनं स्टुलावर चढून तो अगदी कडेच्या एका काडीवर बसवला.

मला चारही बाजूंनी धरलेलं आहे. माझी काळजी करू नका. पण बाई कडेला आहेत, एकाच काडीवर. वारा आला की हलतात. त्यांचे तीन हात अजून मोकळे आहेत.

या बाजूला आलात तर येताना एक चेंडू घेऊन या.