परतीचं तिकीट, माणसं दोन

आमच्या घरात खर्चाचा एक कायदा आहे, आणि तो ह्यांनी केलेला आहे. मी वहीत लिहायचं. पैसे गेले आणि वस्तू पदरात पडली, की ह्यांनी हिरव्या पेन्सिलीने पुढे बरोबरची खूण करायची. त्याआधी नाही. हे डावखुरे, त्यामुळे खुणेचा लांब पाय डावीकडे पडतो, सगळ्या जगाच्या उलटा. चौतीस वर्षांत मी त्या पेन्सिलीला हात लावलेला नाही. लावला असता तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

आयुष्यभर ह्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. युरोपातल्या एका जुन्या शहरातले नदीवरचे दगडी पूल एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढीच काय ती हौस. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या विचारलं काय, तर "सहलीचे पैसे यात गेले का गं?" आता डॉक्टरांनी खुशाल जा म्हटलं आणि मी वही उघडली. चार दिवस, तीन रात्री, माणसं दोन.

विमान, व्हिसा, विमा. हॉटेल बिननाश्त्याचं, कारण एका अंड्याचे बारा युरो घेतात मेले! वर दर रात्री शहराचा कर वेगळा. ट्रामचा पास. तिसऱ्या संध्याकाळी नदीतली बोट, खालच्या मजल्यावरची, स्वस्तातली. चौथ्या दिवशी कोपऱ्यावर कुठेतरी नाश्ता, विमानतळाची बस, परतीचं विमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसले, तर प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण.

"अहो, अजून दमडी गेली नाही आणि खुणा कसल्या करताय?"

हे अर्ध्या दाढीचे बाहेर आले. "मी? मी कशाला करीन? कायदा माझाच आहे ना?"

मी चडफडत सगळं खोडरबराने पुसलं. विसरले असतील, वय झालं, म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या सकाळी खुणा परत हजर. या वेळी चष्मा लावून नीट बघितलं आणि अंगावर काटाच आला. बोटीपर्यंतच्या खुणांचा पाय डावीकडे होता. चौथ्या दिवसाच्या नाश्त्यापासून तो उजवीकडे वळला होता. नाश्ता, माणसं दोन, हे खोडून एक केलेलं. बस, एक. विमान, एक. तो लांब शेपटीचा एकाचा आकडा शाळेच्या ऑफिसात मी वीस वर्षं काढलाय. अक्षर माझं होतं.

अर्थ लावत बसायची गरजच नव्हती. बोटीनंतर पेन्सिल माझ्या हातात आली होती. आणि हे असताना ती माझ्या हातात येणं शक्य नाही.

मी बोटीच्या ओळीवर काट मारली, त्या जागी संग्रहालय लिहिलं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयापर्यंत ह्यांची खूण, पुढे माझी. मग मी सरळ सांगून टाकलं, "माझे गुडघे धरलेत. मला नाही जायचं."

मला वाटलं भांडतील. कसलं काय. टेबलावरचा त्या शहराचा नकाशा ह्यांनी घडीवर घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "बरं." एवढं लहान "बरं" मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी न्हाणीघराचा नळ सोडून पोटभर रडले. पण रडतानाही वाटत होतं, चला, माणूस तर राहिला.

त्या आठवड्यासाठी मी आता घरखर्च लिहिला. दूध, दिवे, लाइटबिल, ह्यांच्या गोळ्या. सकाळी भीत भीत वही उघडली. बोटीच्याच तारखेच्या संध्याकाळपर्यंत खुणा डाव्या. दुसऱ्या दिवसापासून उजव्या. दूध दोन लिटरचं एक झालेलं. आणि गोळ्यांची ओळ माझ्या पट्टीने, सरळ रेघ मारून खोडलेली.

चहा थंड होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. हे खिडकीशी पेपर वाचत होते, तोच पेपर, कालचा. मग मी उठले, ड्रॉवरमधून नकाशा काढला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"गुडघे बरे झाले. जाऊया."

चेहरा असा फुलला की मला बघवेना. मी वही ओढली आणि पेनाने लिहिलं: बोट, वरचा मजला, पुढच्या खुर्च्या, दोन.

"अगं, दुप्पट पैसे! बजेट बोंबललं की!"

"बोंबलू दे." मी पेन्सिल ह्यांच्या हातात कोंबली. "परतीच्या तिकिटापुढे आत्ता खूण करा. तुमच्या हाताने. माझ्यासाठी एवढं करा."

हे हसले आणि पेन्सिल कानामागे खोचली. "वेडी का काय? आधी परत तर येऊ. आल्यावर करतो."

मी फोन घेतला आणि बोटीचे पैसे भरले. ह्यांनी तोवर नकाशा टेबलभर पसरला होता, आणि कुठल्या बाजूला बसलं तर सगळे पूल नीट दिसतील ते मला बोट ठेवून दाखवत होते.

"डावीकडे बसू," म्हणाले. "तू खिडकीशी बस. मी काय, तुझ्या खांद्यावरून बघीन."