लहूचा पाय

पहिला घाव मीच घातला.

संपाला चौदा महिने झाले होते. गिरणीच्या मागच्या दारानं चोरून कामाला जाणारे फुटीर दिवसपाळी सुटल्यावर गल्लीत शिरले. आम्ही सहा जण तोंडाला रुमाल बांधून टपून होतो. समोरच्या पाठमोऱ्या माणसाच्या पायावर मी लोखंडी पाइप हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्या घावाला तो कोसळला आणि वळला. माझा सख्खा धाकटा भाऊ, लहू. तो कामावर जातो हे मला तेव्हाच कळलं.

"दादा, नको रे! मी लहू!"

रुमाल असूनही त्यानं मला ओळखलं होतं. बाकीचे थांबले नाहीत. मीही त्यांना थांबवलं नाही. हाड कातडी फाडून बाहेर आलं, तेव्हा कुठे सगळे पळाले.

तिसऱ्या दिवशी परळच्या इस्पितळात गेलो. त्याची बायको शेवंती मला बघून नुसती उठून बाहेर गेली. मी खिशातून तंबाखूची पुडी काढली. आमच्या खात्यात विडीला बंदी, कापसाच्या तुसाला एक ठिणगी पुरते, म्हणून अख्खं गिरणगाव तंबाखू मळतं. लहूला पहिली चिमूट मीच दिलेली. संपात मात्र कायदाच होता: फुटीराला तंबाखू द्यायची नाही, त्याच्या हातची घ्यायची नाही. मी मळली, हात पुढे केला. लहूनं माझ्याकडे नीट बघून चिमूट उचलली, ओठाखाली दाबली. मी त्या खाटेशी ढसाढसा रडलो.

मग रोज जायचो, रोज मळायचो.

दोन महिन्यांनी डॉक्टर पायाचा एक्स-रे फोटो उजेडाला धरून भडकले. "तंबाखू खातोस? हाड तसूभरही जुळलेलं नाही. हाडाच्या मज्जेत मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून नवं हाड तयार होतं. तंबाखूतलं निकोटीन त्यांना वाढूच देत नाही. असंच चाललं तर पाय जाईल!"

"सोडलंय, साहेब," लहू म्हणाला.

डॉक्टर गेले आणि त्यानं माझ्यापुढे तळवा पसरला.

"लहू, डॉक्टर काय बोलले?"

"मी घेवक नाय तर तुका वाटात, लहून माफ नाय केल्यान. मळ तू."

मला नाही म्हणवलं नाही. त्याच्या पायापेक्षा मला त्याची माफी हवी होती. हे आज स्वच्छ सांगतो.

जखम चिघळली. पू, ताप, वास. एका दुपारी शेवंतीनं त्याचं तोंड पुसताना ओठाखालची चिमूट बोटानं बाहेर काढली आणि माझ्याकडे वळली. माझ्यासमोर कधी मान वर न केलेली बाई. हातातला जेवणाचा डबा तिनं माझ्या तोंडावर हाणला. दात तुटला. मी हात वर केला नाही. ती मारत राहिली, परिचारिकांनी ओढेपर्यंत.

"पाय मोडलंस तेवा गप ऱ्हवलंय! संप होतो, डोक्यात रक्त होता! पण ह्या? ह्या रोज, शांतपणान?" जन्मात पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली.

आठवड्यानं पाय गुडघ्यापासून कापला. वॉर्डबॉय कपड्यात गुंडाळलेला पाय घेऊन बाहेर आला. पुरायची जबाबदारी नातेवाइकांची. शेवंतीनं माझ्याकडे बोट केलं.

"हेका दी."

मी दोन्ही हातांवर घेतला. वाटलं होतं त्याहून जड होता. भर दुपारी भोईवाड्याच्या स्मशानाकडे चालत निघालो. समोरून येणारी माणसं माझ्या हातांकडे बघून बाजूला होत होती. एका कोळणीनं डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली, हात जोडले.

"पोरगा की पोरगी, बाबा?" तिनं हळू विचारलं.

"भाऊ," मी म्हटलं. "धाकटा."

तिला काही कळलं नाही. तरी ती हात जोडून उभी राहिली, मी पुढे जाईपर्यंत.