तेजश्रीचे गुडघे

कोऱ्हाळ्याच्या तेजश्रीचे गुडघे कसे वाजायचे ते खोटं वाटणार असेल, तर पुढं वाचूच नका. पोरगी तेवीस वर्षांची. उठताना असा कर्रकर्र आवाज, की गल्लीतली कुत्री अंग चोरून बाजूला सरायची. सकाळी बोटं सुजलेली, तासभर मिटायची नाहीत. थकवा तर असा, की वेणी घालता घालता दम लागायचा.

कारणं घरच्यांनी ढिगानं शोधली. आत्या साखरबाई म्हणायच्या, "मोबाईल! दुसरं काय?" आईला रात्रीच्या दह्याचा संशय. वडील सावळाराम एकाच शब्दाला भ्यायचे. "वात म्हाताऱ्यांना होतो. तरण्या पोरीला वात हाय असं बाहेर फुटलं, तर सोयरीक जुळंल का?"

बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, मागच्या तापाचं उरलेलं असेल. पण सांधे सुजून आखडतायत, तेव्हा संधिवातही असू शकतो. तो तरुणांनाही होतो. लवकर कळला तर सांधे वाचतात." तपासणीला रक्त गुरुवारी द्यायचं ठरलं.

नेमके गुरुवारी सकाळीच इंदापूरचे पाहुणे तिला बघायला आले.

"तपासणी पुढच्या महिन्यात," सावळाराम कानात पुटपुटले.

पाहुण्यांसमोर बसलेली तेजश्री उठली मात्र, घर दणाणलं! शेजारचा रावजी तांब्या घेऊन दारात हजर. "तात्या, उसाचा चरक घरातच बसवला व्हय? जरा रस द्या की!"

"टीव्ही हाय त्यो!" सावळाराम ओरडले. टीव्ही बंद होता.

"टीव्ही न्हाय, तात्या. माझे गुडघे हायेत," तेजश्री म्हणाली.

मुलाच्या मावशीच्या, प्रयागबाईंच्या हातातली बशी कलली. "अगं बया! या वयात?"

"कशानं, तेच बघायला बारामतीला निघालीय, मावशी."

"गप की! गावात नाव खराब हुईल," साखरबाई फिस्कारल्या.

"हुऊ दे, आत्या. सांधे गेल्यावर नुसत्या नावाचं काय लोणचं घालू?"

पर्सची चेन ओढायला बोटं वळेनात. तिनं ती सगळ्यांदेखत दातांनी ओढली.

सावळाराम दारात आडवे. "पाहुण्यांनी काय समजायचं?"

"मी आजारी हाय असं समजावं. लपवून लगीन करणार न्हाय."

ते हलले नाहीत. मग बाजूनं निघताना तिनं त्यांच्याच खांद्यावर भार टाकला आणि बारामतीला जायला पायरी उतरली.